भित्यापाठी ब्रह्मराक्षस : काल्पनिक भीती आणि मेंदूचा दीडशे वर्षांचा शोध

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात चार्ल्स डार्विन यांनी एकदा स्वतःवरच एक प्रयोग केला. पफ ॲडर हा आफ्रिकेतला जहाल विषारी साप तेथे जाड काचेच्या पेटीत ठेवलेला होता. डार्विन यांनी चेहरा काचेजवळ नेला आणि सापाने झडप घातली तरी तसूभरही मागे हटायचे नाही, असा मनाशी निश्चय केला. सापाने झडप घातली. तो काचेवर आदळला त्याच क्षणी डार्विन यांचा निश्चय विरून गेला आणि ते विलक्षण वेगाने दोन-चार हात मागे उडाले. माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावनांवर १८७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी हा प्रसंग नोंदवला आहे. जे संकट कधी अनुभवलेलेही नाही, त्याच्या नुसत्या कल्पनेपुढे आपली इच्छाशक्ती आणि बुद्धी दोन्ही लंगड्या पडल्या, असा त्यांच्या नोंदीचा आशय आहे.

भारतीय वाचकाला हा साप अनोळखी नाही. अंधारात पडलेली दोरी साप वाटते आणि दिवा आणला की दोरी दोरीच असल्याचे कळते, हा रज्जुसर्पाचा दृष्टान्त गौडपादांच्या कारिकांत आहे, शंकराचार्यांच्या भाष्यांतही आहे. अद्वैत परंपरेने तो जगाचे भासमान रूप समजावण्यासाठी योजला. त्यामागचा विश्वास असा, की ज्ञान झाले की भ्रम जातो आणि भ्रमाबरोबर त्यातून उपजलेले भयही जाते. डार्विन यांच्या हाती मात्र दिवा आधीपासूनच होता. काच त्यांना दिसत होती, तिची जाडीही ठाऊक होती. तरीही शरीराने उडी घेतली.

चिंताविकाराने ग्रासलेल्या माणसाची अवस्था फारशी वेगळी नसते. लिफ्ट मध्येच अडकण्याची शक्यता अगदी थोडी आहे, छातीतली धडधड म्हणजे हृदयविकाराचा झटका नव्हे, वर्गात बोलायला उभे राहिल्यावर सगळे जण हसणार नाहीत, हे त्याला पुष्कळदा चांगले कळत असते. तरी तळहात घामेजतात, श्वास आखडतो, पाय मागे येतात. घरची माणसे म्हणतात, ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत.’ या वाक्यात किती तथ्य आहे आणि किती अन्याय आहे, याचा उलगडा विज्ञानाला एका दमात झाला नाही. त्याला जवळजवळ दीडशे वर्षे लागली आणि त्यातला एक महत्त्वाचा टप्पा बंगळुरूच्या प्रयोगशाळेत पार पडला.

न चावलेला कुत्रा आणि पांढरा उंदीर

पहिला धागा शरीरशास्त्राकडून आला. हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९११ मध्ये मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला जाई. कुत्रा मांजराला स्पर्श करत नसे, चावत नसे. पण त्यानंतर मांजराच्या रक्तात ॲड्रिनलिन हे संप्रेरक आढळे. इजा झाल्यावर नव्हे, तर इजा होण्याच्या शक्यतेनेच शरीर युद्धाच्या तयारीला लागते, हे त्यातून दिसले. हृदयाचे ठोके वाढणे, स्नायूंकडे रक्त वळणे, रक्तातील साखर चढणे ही सारी तयारी ‘लढा किंवा पळा’ या गरजेसाठी असते. संकट खरे आहे की नाही, याची शहानिशा होईपर्यंत शरीर थांबत नाही. उशीर करणारे प्राणी उत्क्रांतीच्या ओघात मागे उरले नसावेत.

दुसरा धागा मानसशास्त्राचा. घंटेच्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटावे, असे शिक्षण देता येते, हे इव्हान पावलोव्ह यांच्यामुळे ठाऊक झाले होते. लाळेसारखी भीतीही शिकवता येईल का, हा प्रश्न जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी १९२० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विचारला. त्यासाठी त्यांनी अकरा महिन्यांचे एक बालक निवडले. विज्ञानाच्या इतिहासात ते ‘अल्बर्ट’ या नावाने ओळखले जाते. बालक पांढऱ्या उंदराला हात लावू लागले की त्याच्या पाठीमागे पोलादी कांबीवर हातोडी आपटली जाई. काही वेळा असे झाल्यावर उंदीर नुसता दिसला तरी बालक रडू लागले. पुढे ते सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटाला आणि पांढऱ्या दाढीच्या मुखवट्यालाही बिचकू लागले, असे या दोघांनी नोंदवले.

आजच्या कोणत्याही नीतिसमितीने हा प्रयोग होऊ दिला नसता. एकाच बालकावर केलेला, त्याची भीती परत न घालवता सोडून दिलेला आणि मोजमापातही सैल असा तो होता. तरी त्याने पुढे आणलेला प्रश्न खरा होता. भीती ज्या वस्तूशी जोडली गेली तिथेच थांबत नाही, तिच्यासारख्या दिसणाऱ्या निरुपद्रवी वस्तूंवरही ती पसरते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, हे मराठी म्हणीने फार पूर्वीच टिपले होते. शास्त्रज्ञ याला भीतीचे सामान्यीकरण म्हणतात. चिंताविकार समजून घेण्याची ती एक प्रमुख किल्ली ठरणार होती.

कानशिलाआडचा बदाम

ही भीती मेंदूत नेमकी कोठे उमटते? १९३७ मध्ये शिकागोत हाइनरिक क्लूव्हर आणि पॉल ब्यूसी यांनी माकडांच्या मेंदूचे दोन्ही बाजूंचे कानशिलाजवळचे खंड शस्त्रक्रियेने काढले. रानटी, माणसांना घाबरणारी माकडे त्यानंतर शांत झाली आणि सापालाही निर्धास्तपणे हाताळू लागली. १९५६ मध्ये लॉरेन्स वाइसक्रांट्झ यांनी दाखवले, की या बदलातील भीतीचा भाग प्रामुख्याने त्या खंडांत खोलवर असलेल्या एका छोट्या केंद्राशी निगडित आहे. बदामासारख्या आकारामुळे त्याला ग्रीक भाषेतील बदामावरून अमिग्डाला हे नाव मिळाले आहे. मेंदूच्या दोन्ही बाजूंना तो एकेक असतो.

१९८० च्या दशकापासून न्यूयॉर्कमधील जोसेफ लडू यांनी उंदरांवर प्रयोग करून अमिग्डालापर्यंत जाणाऱ्या वाटा शोधल्या. एखादा आवाज आणि विजेचा सौम्य झटका यांची जोडी घातली की उंदीर पुढे नुसत्या आवाजाने जागच्या जागी थिजतो. लडू यांना आढळले, की आवाजाची वार्ता अमिग्डालाला दोन मार्गांनी मिळते. एक मार्ग मेंदूच्या बाह्यकातून जातो. तो सविस्तर, पण लांबचा. दुसरा थॅलॅमसमधून थेट येतो. तो ओबडधोबड, पण जवळचा. वाटेवर वेटोळे दिसले की आधी पाय मागे येतो आणि ते साप आहे की काठी, याचा निवाडा मागाहून होतो. डार्विन यांच्या उडीचे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण येथे मिळते. माणसाच्या मेंदूत या जवळच्या वाटेचा वाटा किती, यावर मात्र आजही वाद आहे.

म्हणून ‘अमिग्डाला म्हणजे भीतीचे केंद्र’ असे सरसकट म्हणणे धोक्याचे आहे. एका दुर्मीळ आजारामुळे दोन्ही अमिग्डाला निकामी झालेली, ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक अमेरिकन स्त्री साप, कोळी किंवा भयपट यांना घाबरत नव्हती. २०१३ मध्ये तिला व तशाच आणखी दोन रुग्णांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा हुंगायला दिली, तेव्हा तिघांनाही भयाचा तीव्र झटका आला. बाहेरच्या धोक्याची वर्दी अमिग्डाला देतो. शरीराच्या आतून उठणारे भय त्याच्यावाचूनही उठू शकते. लडू यांनीही पुढे आग्रहाने मांडले, की अमिग्डालाचे काम धोका हेरून शरीराला सावध करणे हे आहे. ‘मला भीती वाटते’ ही जाणीव घडण्यासाठी मेंदूचे इतर पुष्कळ भाग लागतात.

न बसलेला झटका

उंदराला झटका खरोखरच बसतो. माणसाची गंमत अशी, की त्याला झटक्याविषयी नुसते सांगितले तरी पुरते. एलिझाबेथ फेल्प्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे दाखवून दिले. स्वयंसेवकांच्या मनगटाला विजेची तार जोडली आणि पडद्यावर अमुक रंगाचा चौकोन दिसेल तेव्हा झटका बसण्याची शक्यता आहे, असे त्यांना सांगितले. प्रयोग संपेपर्यंत कोणालाही एकही झटका दिला गेला नाही. तरीही तो चौकोन दिसताच तळहातांवर घामाचा अंश वाढत होता आणि मेंदूच्या प्रतिमांत डावा अमिग्डाला सक्रिय होताना दिसत होता. कधीच न घडलेल्या, केवळ शब्दांतून कळलेल्या संकटाला मेंदूने खऱ्या संकटाचा मान दिला होता. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ या म्हणीचा प्रयोगशाळेतला पुरावा याहून स्पष्ट मिळणे कठीण.

काल्पनिक भीती आणि प्रत्यक्ष भीती मेंदूत हुबेहूब सारखी असते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. डीन मॉब्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक संगणकीय खेळ रचला. त्यात चक्रव्यूहातून एक शिकारी खेळाडूचा पाठलाग करी आणि पकडले गेल्यास झटका बसण्याची शक्यता असे. शिकारी दूर असताना खेळाडूच्या कपाळामागचा, प्रीफ्रंटल बाह्यकाचा खालचा भाग अधिक सक्रिय राही. तो जवळ येऊ लागला, की सक्रियता मेंदूच्या मुळाशी असलेल्या प्राचीन भागाकडे सरके. दूरच्या संकटाचा विचार होतो, अंगावर आलेल्या संकटाला थेट प्रतिक्रिया दिली जाते. चिंतेचे क्षेत्र त्या ‘दूर’मध्ये आहे. अजून न आलेला, कदाचित कधीच न येणारा शिकारी तिथे सतत वावरत असतो.

वैद्यकाला हा भेद वेगळ्याच वाटेने उमगला होता. न्यूयॉर्कमधील मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी इमिप्रामिन या औषधाने अचानक येणारे भयाचे झटके थांबतात, असे पाहिले. पण झटके थांबूनही रुग्ण घराबाहेर पडायला तयार होत नसत, कारण पुढचा झटका येईल ही धास्ती उरलेलीच असे. १९६४ मध्ये क्लाइन यांनी या दोन अवस्था वेगळ्या असल्याचे मांडले आणि १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘पॅनिक डिसऑर्डर’ला स्वतंत्र स्थान दिले. भीती वेगळी आणि भीतीची भीती वेगळी, हे तेथून वैद्यकाच्या भाषेत रुजले. पुढे मेंदूच्या प्रतिमांवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा ॲमित एटकिन आणि टॉर वेगर यांनी २००७ मध्ये घेतला. सामाजिक भयविकार, विशिष्ट वस्तूंचे भय आणि आघातोत्तर तणावविकार या तिन्हींत अमिग्डाला आणि इन्सुला हे भाग निरोगी माणसांपेक्षा अधिक सक्रिय होत असल्याचे त्यांना दिसले.

बंगळुरूची प्रयोगशाळा

पण एखाद्याचाच अमिग्डाला असा हळवा का होतो? बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने या प्रश्नाला पेशींच्या पातळीवर हात घातला. तणावाखाली हिप्पोकॅम्पस या स्मृतिकेंद्रातील चेतापेशींच्या शाखा आखडतात, हे तोवर माहीत झाले होते. अमिग्डालातही तसेच होत असेल, असे वाटणे स्वाभाविक होते. अजय व्यास, रूपश्री मित्रा, निम्हान्स संस्थेतील बी. एस. शंकरनारायण राव आणि चटर्जी यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष उलटेच निघाले. उंदरांना दररोज दोन तास याप्रमाणे दहा दिवस हालचाल करता येणार नाही असे जखडून ठेवल्यावर हिप्पोकॅम्पसमधील शाखा खुरटल्या, पण अमिग्डालातील शाखा वाढल्या आणि अधिक पसरल्या. एकच तणाव मेंदूच्या एका भागाची छाटणी करत होता आणि दुसऱ्याला खतपाणी घालत होता.

हे उंदीर अधिक चिंताग्रस्त झाले होते, हे एका साध्या चाचणीत दिसे. अधिकच्या चिन्हासारखा, जमिनीपासून उंचावलेला एक मार्ग असतो. त्याच्या दोन भुजांना भिंती असतात, दोन उघड्या असतात. निर्धास्त उंदीर कुतूहलाने उघड्या भुजांवरही फिरून येतो. चिंताग्रस्त उंदीर भिंतींच्या आडोशाला राहतो. उघड्यावर शत्रू नसतो. असू शकेल एवढेच असते.

पुढचे निष्कर्ष अधिक गंभीर होते. २००४ मधील अभ्यासात तणाव थांबवून २१ दिवस विश्रांती दिल्यावरही अमिग्डालातील वाढ ओसरली नाही आणि चिंताग्रस्त वर्तनही टिकून राहिले. २००५ मध्ये याच गटाला आणखी एक गोष्ट आढळली. केवळ एकदाच, दोन तासांचा तणाव दिलेल्या उंदरांत दुसऱ्या दिवशी काहीच फरक दिसला नाही. दहा दिवसांनी मात्र अमिग्डालातील चेतापेशींवर जोडणीची नवी टोके वाढलेली होती आणि वर्तनात चिंता उतरली होती. घटना सरून जाते, तिची छाया मागाहून वाढते. अपघातातून सहीसलामत सुटलेला माणूस काही आठवड्यांनी खचतो, तेव्हा आसपासच्यांना ते ढोंग वाटते. या उंदरांनी त्या माणसाच्या बाजूने साक्ष दिली आहे.

अल्बर्टच्या प्रयोगातून उरलेल्या प्रश्नालाही बंगळुरूतच नेमके उत्तर मिळाले. सुप्रिय घोष आणि चटर्जी यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात उंदरांना दोन स्वर ऐकवले. एका स्वरानंतर झटका बसे, दुसऱ्यानंतर बसत नसे. झटका सौम्य असताना उंदीर पहिल्याच स्वराला घाबरत, दुसऱ्याला नाही. झटका तीव्र केल्यावर ते दोन्ही स्वरांना घाबरू लागले. त्याच वेळी त्यांच्या अमिग्डालातील एकेका चेतापेशीचे संदेश टिपले जात होते. पूर्वी केवळ धोक्याच्या स्वराला दाद देणाऱ्या पेशींपैकी अनेक आता निर्धोक स्वरालाही तशीच दाद देत होत्या. दूध आणि ताक यांतला फरक पुसला जातो तो क्षण पेशीच्या भाषेत असा नोंदला गेला. उंदराची चिंता म्हणजे माणसाचा चिंताविकार नव्हे, हे भान ठेवूनही या कामाचे मोल मोठे आहे. निरुपद्रवी गोष्टीची भीती ही इच्छाशक्तीची उणीव नसून चेतापेशींच्या जोडण्यांत घडलेला बदल असू शकतो, हे त्यातून समोर आले.

कल्पनेचेच औषध

मग उपाय काय? अल्बर्टची भीती कोणी घालवली नाही, पण १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाची भीती घालवून दाखवली. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा दररोज थोडा थोडा जवळ आणला गेला आणि अखेर मुलगा त्याला कुरवाळू लागला. दक्षिण आफ्रिकेतील जोसेफ वोल्पी यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात ही पद्धत पुढे नेली. विमान, गर्दी किंवा मृत्यू प्रत्येक वेळी दवाखान्यात आणता येत नाही. म्हणून त्यांनी रुग्णाला आधी अंग सैल सोडायला शिकवले आणि मग भीतिदायक प्रसंगांची पायरीपायरीने कल्पना करायला सांगितली. जी कल्पना रोग वाढवते, तीच त्यांनी औषध म्हणून दिली.

ही पद्धत का उपयोगी पडते, याचे उत्तर भीतीच्या स्मृतीच्या स्वभावात आहे. शिकलेली भीती पुसली जात नाही, हे पावलोव्ह यांच्या कुत्र्यांच्या वर्तनातूनच सूचित झाले होते. विझलेली प्रतिक्रिया काही काळाने पुन्हा डोके वर काढे. भीती ओसरते ती ‘येथे धोका नाही’ हे नवे शिक्षण जुन्या शिक्षणाला आवर घालते म्हणून. पोर्तो रिको येथील मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क यांनी २००२ मध्ये उंदरांच्या प्रीफ्रंटल बाह्यकात असे नवे शिक्षण जपणाऱ्या पेशी दाखवल्या. रुग्णाला ‘घाबरू नकोस’ असा उपदेश पुरत नाही, याचे कारण येथे आहे. उपदेश माहिती देतो, मेंदूच्या या भागाला मात्र अनुभव लागतो.

तो अनुभव कल्पनेतला असला तर चालतो का? मॅरिएन रेडन, टॉर वेगर आणि डॅनिएला शिलर यांनी २०१८ मध्ये ६८ स्वयंसेवकांवर हे तपासले. एका आवाजाशी झटक्याची भीती जोडल्यावर एका गटाला तो आवाज झटक्याविना पुन्हा पुन्हा ऐकवला, दुसऱ्याला तो आवाज केवळ मनात ऐकायला सांगितला आणि तिसऱ्याला पक्ष्यांचा व पावसाचा आवाज कल्पायला सांगितले. पहिल्या दोन्ही गटांची भीती सारखीच उतरली, तिसऱ्याची तशी उतरली नाही. मेंदूतही प्रत्यक्ष आणि कल्पित सरावाचे ठसे मोठ्या प्रमाणात जुळत होते. वोल्पी यांच्या युक्तीला साठ वर्षांनी मेंदूची साक्ष मिळाली. अर्थात हे स्वयंसेवक निरोगी होते. रुग्णाने असा सराव प्रशिक्षित तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करायचा असतो.

‘लॅन्सेट सायकिॲट्री’ या नियतकालिकातील अंदाजानुसार २०१७ मध्ये भारतात सुमारे ४ कोटी ४९ लाख लोकांना चिंताविकार होता. त्यांतील किती तरी जणांनी दवाखान्याच्या आधी ‘मनाचे खेळ’ हेच निदान ऐकलेले असते. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा मोफत समुपदेशन देते. ती वापरण्याआधी मात्र आपले दुखणे खरे आहे, एवढे तरी माणसाला पटलेले असावे लागते.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस ही म्हण आजवर भित्र्याची टिंगल करण्यासाठीच वापरली गेली. दीडशे वर्षांच्या संशोधनानंतर तिचा अर्थ थोडा बदलायला हवा. ब्रह्मराक्षस खोटा असतो, पण त्याला पाहून धावणारे हृदय खरे असते, वाढलेल्या चेतापेशींच्या शाखा खऱ्या असतात आणि झोप उडालेल्या रात्रीही खऱ्या असतात. दोरीवर दिवा धरणे आवश्यक आहेच. पण ज्याला साप दिसला, त्याला दोरीपर्यंत हळूहळू, पुन्हा पुन्हा, कोणाच्या तरी सोबतीने चालत जावे लागते. तेव्हा कोठे त्याच्या मेंदूला ती दोरी असल्याचे पटते.